राणीचं लुगडं कोणाच्या घरचं

३ नोव्हेंबर

दीपे, तू विसरशील म्हणून पहिलेच सांगून ठेवते. मी तुझी आजी बोलते आहे, मथुराबाई. तुझ्या बापाची आई. डोळ्यांचे थेंब पाठवते म्हणून दिवाळीत गेलीस, ते थेंब अजून नागपुरातच आहेत. दवाखान्यात नर्स आहेस म्हणे. पेशंटांची नावं तरी ध्यानात राहतात का, की एकाची सुई दुसऱ्याला टोचून मोकळी होतेस?

तूच म्हणालीस, आजी, मनात येईल ते फोनमध्ये बोलत जा, मी ऐकून लिहून काढते. बरं. मला अक्षर येत नाही, पण बोलायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. लिहिताना माझी भाषा तू शहाणी करशील, कर. लोकांच्या तोंडचं मात्र जसंच्या तसं ठेव. आणि हे कोणाला दाखवू नको. तुझ्या बापाला तर नाहीच.

आज डोकं तापलं आहे. इंद्रजित आला होता. वरच्या आळीतल्या सदाशिवरावांच्या, म्हणजे आबांच्या, पुतण्याचा मुलगा, तो नाटकाचा कोर्स करून आलेला, दाढी ठेवतो पण निगा ठेवत नाही तो. गावाची दंडार पुन्हा उभी करतो आहे. तू पाळण्यात होतीस तेव्हाच ती बंद पडली, म्हणून सांगते. मृदंग, टाळ, गाणी आणि मध्ये सोंगं, अशी दंडार असते. बायांची सोंगंही पुरुषच घेतात. आपल्या गावची दंडार म्हणजे राणीचा खेळ. राजा राणीवर संशय घेऊन तिला रानात धाडतो, रानात राक्षस तिला अडवतो, राणी त्याला बोलण्यात हरवते आणि शेवटी राजा हात जोडत येतो. आधी हा खेळ गावात होणार, मग यवतमाळला स्पर्धेत.

पोरगा अंगणात बसला, चहा प्याला. म्हणाला, "आजी, कपडे भाड्यानं नाही आणायचे. पहिले जसे गावातून जमा करत, तसेच जमा करायचे. परंपरा हाय आपली."

मला बरं वाटलं. म्हटलं, पोट्टं हुशार आहे.

मग म्हणतो, "राणीचा शालू आबांच्या घरून, पहिल्यासारखाच. विमलकाकू देऊन राह्यल्या. अन् राक्षसाची घोंगडी तुमच्या घरची. तीच जुनी, ओरिजिनल. हाय न वो आजी?"

हात जोडून मागितली. हसत हसत. जसा काही मला मान देऊन राहिला आहे.

म्हटलं, "ते बकरीखाली टाकली."

"चालते आजी! मळेल असली तं अजूनच मस्त."

मी उठून आत गेले. रिकामा कप हातात धरून तो किती वेळ बसला, मला माहीत नाही. मी पाहिलं नाही.

५ नोव्हेंबर

झोप नाही की भूक नाही. तुझी आई म्हणते, पित्त झालं. पित्त नाही, इंद्रजित झाला आहे.

त्याला कपड्यांचा इतिहास पाहिजे. माझ्याकडून घेतो तर पुरता घे म्हणावं.

दंडारीची कपड्यांची पेटी कधी नव्हती. डोमाजी म्हणून म्होरक्या होता, गाणाराही तोच. खेळाच्या आधी तो घरोघर फिरायचा. राजाचा कोट घाटंजीच्या बँडवाल्याचा. मुकुट पुठ्ठ्याचा, वरून बेगड. तलवार लाकडाची. तोंडाला पिवळी माती, गालाला कुंकू, मिशीला तव्याची काजळी. राणीच्या पोलक्यात कापूस भरायचा. कापसाचा जिल्हा आपला, राणीची छाती कधी कमी पडली नाही.

गॅसची बत्ती एकच असायची. मागच्या माणसाला ना तोंड दिसायचं, ना शब्द कळायचा. म्हणून सोंगानं तोंड उघडायच्या आधी कपड्यानं बोलायचं असायचं. चमकला तो राजा, सळसळली ती राणी, केसाळ काळं आलं की राक्षस. पण गाव लहान. कपडा आणखी एक गोष्ट सांगायचा, आणि ती सगळ्यांना कळायची. राणी आली की बायांमध्ये कुजबुज व्हायची, "सदाशिवरावाच्या घरचा शालू हाय वो." मग त्या घरची सासू पाठ ताठ करून बसायची. खेळ राणीचा, पण मिरवायची ती.

आणि राक्षसाची घोंगडी आमच्या भीमनगरातून. भिकाऱ्याची चिंधी आमच्याकडून. फाशी देणाऱ्याचं धोतर आमच्याकडून. दुसरं काही कधी नाही. आपल्या लोकांनी धम्म घेतला, गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी डोमाजीला सांगितलं, आता घोंगडीही मिळणार नाही. डोमाजीनं मान हलवली. संध्याकाळी कुंपणावर वाळत घातलेली घोंगडी गायब. तेव्हापासून तसंच चाललं. वरच्या आळीत मागायला जायचे, आमच्याकडे उचलायला यायचे.

एका वर्षी तुझा बाप माझ्या मांडीवर होता. राक्षस आला. लोक ओरडले, "आली रे, भीमनगरची घोंगडी आली!" आणि हा अश्वजित टाळ्या पिटत उभा राहिला. "आमची हाय! ते आमच्या घरची हाय!" केवढा आनंद झाला होता त्याला. सगळं गाव हसलं. तो पण हसला, कारण सगळे हसत होते.

त्याला हे आठवत नाही. मला आठवतं. म्हणून तर त्याला दाखवू नको म्हटलं.

६ नोव्हेंबर

इंद्रजित पुन्हा आला. या वेळी चहा दिला नाही.

म्हटलं, "घोंगडी नाही देत. लुगडं देतो. राणीले."

"पण आजी, शालूचं तं ठरलं."

"मंग राक्षसाले नागडा नाचव."

विचार करतो म्हणून गेला. नाटकाच्या शाळेत विचार करायला शिकवत नसावेत, फार वेळ लागतो त्याला.

रात्रीच्या जेवणाला तुझा बाप ताटावर ओरडला. सदाशिवरावांचं वावर आपण बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, करतो, तूर उभी आहे, कापूस अर्धा झाडावर आहे. "आई, एका लुगड्यासाठी कायले आग लावून राह्यली? आबाची मिजास तुले माहीत नाही का?"

म्हटलं, "माहीत हाय. म्हणून तं."

भित्रा आहे. माझ्या पोटी कसा आला कोणास ठाऊक. तुझ्या आजोबांवर गेला असेल.

९ नोव्हेंबर

ऐक, ऐक. इंद्रजित हो म्हणाला! "आजी, तुमचं लुगडं राणी नेसल. पक्कं." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चहात साखर पण जास्त टाकली.

निळं काढलं. तुझ्या आईबापाच्या लग्नात नेसले होते ते नऊवारी, जरीच्या काठाचं. यवतमाळच्या दुकानात मी स्वतः पसंत केलं होतं. दुकानदार साधी लुगडी दाखवत होता, मी म्हटलं, वरच्या फळीवरचं काढ. त्यानंतर नेसलेच नाही. कुठे नेसणार? वेचणीला?

राणी नयन करणार आहे. वरच्या आळीतला, मोबाइलचं दुकान आहे ना, तो. नेसवून पाहायला बोलावला. असा उभा राहिला जसा शाळेत सुई टोचून घ्यायला आलेला.

"पोट आत घे."

"आजी, आतच हाय."

"हे आत हाय? मंग बाहेर आल्यावर काय होते?"

कासोटा घातला तर उडीच मारली पोट्ट्यानं. माझा हात त्याच्या कमरेला. याच्या आजीनं मला ओंजळीत वरून पाणी वाढलं होतं. हा आपल्या घरचं पाणी पिऊन, तांब्या स्वतः विसळून गेला. जाताना म्हणाला, "आजी, हे लय भारी हाय. माह्याकडून फाटू नाही म्हणजे झालं."

काठ सुटला होता तो शिवून घेतला. पदराला पाणी मारून इस्त्री केली. तुझी आई म्हणाली, आत्या, गाणं म्हणून राह्यल्या तुमी. मी कुठे म्हणते गाणं.

१२ नोव्हेंबर

आज विमलताई आली होती. सदाशिवरावांची बायको, सगळ्या गावाची विमलकाकू. गोडलिंबाची पानं मागायला. तिच्या स्वतःच्या दारात गोडलिंबाचं झाड आहे, एवढं मोठं की त्याखाली बैल बांधतात. काय बहाणा तो. मला समजलं, लुगडं पाहायला आली असणार, माझं किती हलकं आहे ते.

ओट्यावर बसली. पानं हातात घेऊन बसूनच राहिली.

म्हणाली, "मथुराबाई, तो शालू माह्या लग्नातला व्हता. सासूनं दंडारीले काढून देल्ला. मले इचारलंबी नाही. दरसाल देत गेली."

आली ऐकवायला. शालू तिचा, मान तिचा, माहीत आहे सगळ्यांना.

"गालाचं कुंकू पदराले लागे. एका साली काठ फाटला. मी मागं बसून पाह्यत जाओ, तो बाप्या माह्या शालूत नाचून राह्यला अन् सासू समोर बसून हसून राह्यली. मले तं अजून नेसाचा व्हता तो."

म्हटलं, "तुमच्याकडे होता म्हणून तं फाटला, बाई. आमच्याकडे फाटाले शालूच नव्हता."

तिनं एक पान चुरगाळलं. मग म्हणाली, "घोंगडीबी कोनी इचारून नेत नव्हतं न?"

घोंगडीचं नाव तिनं काढायचं कारण काय? टोमणाच तो. उठून गेली, आणि पानं ओट्यावरच राहिली. विसराळूपणा तुझ्याकडून शिकली असेल.

१५ नोव्हेंबर

दीपे, आजचं एक अक्षर गाळू नको.

आज समाजमंदिरात रंगीत तालीम होती. मी माझी चटई घेऊन पुढे बसले. राजा आला. राणी आली, विमलताईचा शालू नेसून. म्हटलं, चूक झाली पोट्ट्यांची, घाईत चुकीचं नेसवलं. पाहत राहिले. राजानं संशय घेतला, राणीला हाकललं. नयन पडद्यामागे गेला आणि माझं निळं नेसून बाहेर आला.

रानातली राणी. हाकललेली. माझं लुगडं रानासाठी.

आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. तो ऋतिक, राक्षस होणारा, दोन्ही हातांत अंगणातली माती घेऊन काठावर फासायला लागला. इंद्रजित खालून सांगतो आहे, "अजून लाव, अजून. वनवासातलं वाटलं पाह्यजे."

मी उठले. कशी उठले ते माझ्या गुडघ्यांना विचार.

"सोड म्हणतो ते!"

इंद्रजित धावत आला. "आजी, आजी, ऐका न. दोघींचाबी मान राह्यला. महालात त्यांचं, वनवासात तुमचं."

"हो न! महालात त्यांचं अन् मातीत माह्यं. लय नवीन शोध लावला रे बापा! याच्यासाठी कोर्स करा लागते का? हे तं डोमाजीलेबी येत होतं, त्याले शाळाबी नव्हती."

"आजी, ते पात्राची गरज..."

"पात्राची गरज दरवेळी आमच्याच घरी कशी येते?"

नयनला म्हटलं, फेड. तो बिचारा तिथेच फेडायला लागला, गोल गोल फिरत, आणि शेवटी हाफपँटवर, पोलक्यात कापूस भरलेला असा उभा राहिला. कोणी हसलं नाही. मी माती लागलेलं लुगडं काखेत मारून घरी आले.

बादलीत टाकलं आहे. पाणी काळं झालं.

१६ नोव्हेंबर

आज बोलत नाही.

१८ नोव्हेंबर

आज आधी मी हसले, मग पुन्हा चिडले.

इंद्रजित आला. तोंड उतरलेलं. अंगणात उभाच राहिला, बस म्हटल्याशिवाय बसला नाही. म्हणाला, "विमलकाकूनं शालू परत नेला. म्हणतात, उंदरानं कातरला."

तीन दिवसांपूर्वी मी या डोळ्यांनी पाहिला, कातरलेला कुठेच नव्हता. कंजूस बाई! माती लागेल म्हणून घाबरली असेल. माझ्याला लागली ती चालली.

"दुसरं कोनी देत नाही का?"

"घरोघर फिरलो. साऱ्या म्हणतात, विमलकाकूनं देल्लं नाही तं आमी कायले देऊ. काकूच म्हणाल्या, जाय, मथुराबाईच्या पाया पड."

पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. म्हटलं, "पायाचं राहू दे, कानाचं कर. माह्यं निळं राणी नेसन. महालातबी तेच, रानातबी तेच. रानात गेली म्हणून राणी काही दुसरी बाई होत नाही. अन् मातीचं बोट लावशीन तं बोट मोडून देईन."

"कबूल."

"अन् राक्षसाचा कपडा वरच्या आळीतून."

तो एकदम वर पाहू लागला. "वरच्या आळीतून काय?"

"तुह्या आबाचा काळा कोट. सरपंच होते तेव्हा घालत तो."

"आजी, राक्षस कोट घालते का?"

"तू अजून लहान हाय बापा. मी पाह्यले ते सारे कोटातलेच होते."

मग म्हणाला, "आबा नाही देणार."

"मागू नको न मंग. उचल."

तेव्हा कुठे त्याच्या तोंडावरचा रंग बदलला. काय समजलं, किती समजलं, मला माहीत नाही. चहा न मागता गेला.

२१ नोव्हेंबर

आज खेळ झाला. सगळं सांगते, मध्ये फोन बंद पडला तर पडो.

दिवे लागले तेव्हा शाळेचं पटांगण भरलं होतं. आमच्या भीमनगरच्या बाया एका बाजूला, वरच्या आळीच्या दुसऱ्या बाजूला. कोणी सांगत नाही, तरी तशाच बसतात. सदाशिवराव समोर खुर्चीत. विमलताई खाली, बायांत. तुझा बाप येणार नव्हता. आला, आणि माझ्या चटईच्या कडेला बसला.

नयन आला. दीपे, काय सांगू. निळं असं चमकलं की राजाच मागे सरला. आता चार चार हॅलोजन असतात, प्रत्येक बुट्टी दिसली. आता होईल कुजबुज. आता कोणी म्हणेल.

कोणी काही बोललं नाही.

सगळ्यांनी फोन वर केले होते. पोट्टे शिट्ट्या मारत होते, "नयन, झक्कास बे!" कोणाचं लुगडं, कोणाचं काय, कोणाला पडलं होतं? ज्यांना कपडा वाचता येत होता ते अर्धे मेले, उरलेल्यांना दिसत नाही. एवढी वर्षं त्या एका कुजबुजेची वाट पाहिली आणि आता ती करणारंच कोणी नाही. मला असा राग आला की उठून जावं वाटलं. घोंगडी होती तेव्हा सगळ्यांना ओळखू येत होती ना?

तेवढ्यात समोरच्या बाजूनं आवाज आला. खेळ चालू असताना, राजा बोलत असताना, मोठ्यानं.

"ते मथुराबाईचं लुगडं हाय!"

विमलताई. उभी राहून. राजा थांबला, मृदंग थांबला. सदाशिवरावांनी वळून पाहिलं. तिनं पुन्हा म्हटलं, बायांकडे तोंड करून, जसं काही त्या बहिऱ्या आहेत, "राणीनं नेसलं न, ते. भीमनगरच्या मथुराबाईच्या घरचं." आणि बसली. पदर सारखा केला.

तिला कोणी सांगितलं होतं मध्ये बोलायला? खेळाचा बेरंग केला. कशाला उभं राहायचं एवढ्या लोकांत? सगळे माझ्याकडे पाहायला लागले, मला मान खाली घालावी लागली, आणि तुझा बाप म्हणतो, आई, पाठ सरळ कर. मला शिकवतो.

मग राक्षस आला. काळा कोट, वरून शिंगं. तो कोट इंद्रजितनं उचलला नव्हता. विमलताईनंच घडी करून त्याच्या हातात दिला होता, हे मला नंतर समजलं. पोट्ट्यांना तोही ओळखू आला नाही. पण सदाशिवरावांनी आधी राक्षसाकडे पाहिलं आणि मग खाली मान घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं, जसं काही आपल्या अंगावर काय आहे ते तपासून राहिले. राणीनं राक्षसाला बोलण्यात हरवलं तेव्हा आमच्या बाजूच्या बायांनी टाळ्या पिटल्या. त्यांच्या बाजूच्या काहींनीही.

तुझ्या बापानं टाळ्या वाजवल्या, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन.

२४ नोव्हेंबर

राग गेला असं समजू नको. सदाशिवरावांचा निरोप आला, पुढच्या सालची बटई पाहू म्हणे. पाहू म्हणजे काय ते आम्हाला समजतं. वाटलं, अश्वजित माझ्यावर ओरडेल. तो म्हणाला, "दुसऱ्याचं वावर पाहू. नाही तं वणीकडे कोळशाच्या ट्रकवर जातो." आणि जेवला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही देता आल्या असत्या.

विमलताई आज पुन्हा आली. या वेळी पानांचा बहाणा पण नव्हता. आत आली, खाटेवर बसली. म्हणते, "आमचे बोलतच नाहीत माह्यासंगं. घरात लय शांत वाटून राह्यलं."

मला हसू आलं. दाबलं.

यवतमाळला स्पर्धेला दंडारीच्या मंडळाची गाडी जाणार आहे. लुगडं जातं म्हणजे मला जावंच लागेल, नेसवणार कोण? ती म्हणाली, मीबी येतो. म्हटलं, शालू तर उंदरानं खाल्ला, तुमचं काय काम तिथं? म्हणाली, "वरडायले. यवतमाळच्या लोकाईले थोडी माहीत हाय कोनाचं लुगडं हाय ते." तिचा काही भरवसा नाही, तिथेही उभी राहील. तिच्या बाजूला मलाच बसावं लागेल, पदर ओढायला.

जाताना दारातून म्हणाली, "मथुराबाई, मी डब्बा नाही आणत. तुह्याच घरचं खाईन." आणि गेली. माझं उत्तर ऐकायला थांबली पण नाही. मी काय तिची स्वयंपाकीण आहे?

तर लक्ष दे. पातळ पोह्यांचा चिवडा पाठव, लसूण भरपूर, शेंगदाणे कमी टाक कारण तिला दात नाहीत आणि मला चार आहेत. संत्र्याची बर्फी नको, तिला साखरेची बिमारी आहे आणि तिच्यासमोर मी एकटी खाणार नाही. थोडी जवसाची चटणी दे. भाकरी मी करीन. आणि तुझ्या शहरी पद्धतीनं दोघींना दोन वेगळे डबे भरून पाठवशील तर परत पाठवून देईन. डबा एकच पाठव. मोठा. दोघींचे हात आत जातील असा.